आरंभ बार्शी लाइटने करावा

घरात लहानगी आगगाडी उभारण्याची हौस ज्यांना नव्याने लागते, ते बहुधा पुण्याच्या कोथरुडातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून परततात आणि लगोलग बोरघाटाचा नकाशा काढावयास बसतात. ही उमेद मला मनापासून प्रिय आहे; परंतु नवशिक्याने आरंभ बोरघाटाने न करता बार्शी लाइट या नॅरोगेज आगगाडीने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोरघाटाचा चढ सदतीसास एक. एच-ओ या प्रचलित मापात, जेथे प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते, एका मार्गावरून दुसरा मार्ग पुलाने न्यावयाचा तर निदान साडेसात सेंटिमीटर उंची हवी, आणि तेवढी उंची त्या चढाने गाठण्यास पावणेतीन मीटर लांबी लागते. उतरण्यास पुन्हा तितकीच. शिवाय हल्लीचा एलएचबी डबा या मापात 27 सेंटिमीटर भरतो, आणि टेबलावर मावणाऱ्या वळणावर तो रुळांबाहेर असा झुकतो की पाहवत नाही. दिवाणखाना अपुरा पडतो, जमाखर्चाचा मेळ बसत नाही, आणि अर्धवट इमला माळ्यावर रवाना होतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची, 1897 साली सुरू झालेली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचलेली बार्शी लाइट मात्र मुळातच काटकसरीच्या विचारातून जन्मली. कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचे सूत्र होते. तिच्या रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. त्यास 87 ने भागले की पावणेनऊ येतात, आणि एन मापाचा तयार रूळ 9 मिलिमीटरांचा असतो. असा मेळ आपल्या ब्रॉडगेजलाही लाभत नाही, कारण तिचे 1676 मिलिमीटर या हिशेबाने सव्वाएकोणीस होतात आणि एच-ओचा रूळ साडेसोळाचाच असतो.

तेव्हा चार फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवूड घ्यावे, पावसाळ्यात ते फुगू नये म्हणून दोन्ही अंगांनी रंगवावे, आणि 25 सेंटिमीटर त्रिज्येची वळणे, एक स्थानक व एक सांधा, एवढ्यावरच संतोष मानावा. झाडे, घरे, माणसे यांची घाई नको. इंजिनास वीज रुळांतूनच मिळते, म्हणून प्रत्येक जोडावरून बोटाचे नख फिरवावे; ते जेथे अडखळेल तेथे चाकही अडखळणार, हे निश्चित समजून तो जोड पुन्हा बसवावा, आणि एकटा डबा बोटाने ढकलत सबंध फेरी निर्विघ्न झाल्यावाचून इंजिन पेटीबाहेर काढू नये. इंजिनाचा वरचा साज पुठ्ठ्याचा करून तो एन मापाच्या सांगाड्यावर चढवता येतो. एन मापाच्या रुळाचे स्लीपर बारीक व दाट असतात, अरुंदमापीस ते शोभत नाहीत; वस्त्रगाळ काळी माती पातळ डिंकात कालवून त्यांवर पसरली की ते झाकले जातात.

स्थानक कुर्डुवाडीच करावे. तेथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी शेजारी उभ्या असत. म्हणून फळीच्या कडेस एच-ओ रुळाची वीतभर पट्टी ठोकावी, तिच्यावर मालगाडीचा एकच मोठा डबा कायमचा उभा करावा, आणि मग आपली गाडी त्याच्या सावलीतून हळूच फलाटास लागताना पाहावी.