वंध्यत्वोपचार आणि विम्याचे कवच

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. शास्त्राने वाट मोकळी केली. पण ती सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली काय? बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी आजही वंध्यत्वावरील खर्च वगळतात. गरजू तेवढेच विमा घेतील व हप्ते भडकतील, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु नोकरदारांच्या गटविम्यात हा धोका सर्वांत वाटला जातो. प्रारंभ तेथून व्हावा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने स्त्रीबीज देणाऱ्या महिलेचा बारा महिन्यांचा विमा उतरवणे उपचार घेणाऱ्यांवर बंधनकारक केले. ते योग्यच. मात्र जे दांपत्य दुसरीचा विमा उतरवते, त्याच्याच उपचाराला विमा नसावा, ही विसंगती होय. वंध्यत्व ही व्याधी आहे, चैन नव्हे. पॉलिसीच्या कलमांतही हे उमटले पाहिजे.