भाकरी हवी, भाबडेपणा नको

बारामती-इंदापुरात नीरेच्या कालव्याचं आणि उजनीचं पाणी फिरलं तसा शिवारात ऊस उभा राहिला आणि ताटात चपाती-भात आला. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात मात्र बाजरी टिकून राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं केलं आणि हीच बाजरीची भाकरी शहरात औषध म्हणून मिरवू लागली.

तिचे गुण खरे आहेत. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह आणि ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, ग्लुटेन नसतं. पण तिच्यातलं फायटिक आम्ल तेच लोह शरीरात पुरतं शोषू देत नाही. म्हणून बाजरीला मोड आणावेत, आंबील आंबवावी, जेवताना लिंबू पिळावं. आहारात आयोडीन कमी आणि रोज नुसती बाजरीच असेल, तर थायरॉईडची तक्रार उद्भवू शकते. मधुमेहींनीही भाकरी मोजूनच खावी, तीही पिष्टच. पीठ लवकर कडू होतं, तेव्हा थोडंच दळावं.

थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, जोडीला डाळ, पालेभाजी, ताक, ही जुनी रीत आजही पुरेशी आहे. उसाच्या पट्ट्यातही बाजरीला चार गुंठे मिळाले, तर पाणीही वाचेल.