नाकीडोळी नीटस, पण कुणाच्या हातून?

लग्नाच्या बाजारात 'नाकीडोळी नीटस' या दोन शब्दांनी आजवर किती मुलींचे भवितव्य ठरवले असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपल्या भाषेतही नाकाला मोठा मान. अब्रू गेली की नाक कापले जाते, पसंत पडले नाही की आपण नाक मुरडतो, अडचण आली की नाकी नऊ येतात. त्यामुळे घरातल्या मुलीने किंवा हल्ली मुलानेही "मला नाक करून घ्यायचंय" म्हटले की घरात क्षणभर शांतता पसरते. मग चर्चा सुरू होते. खर्च किती, दुखेल किती, आत्याला काय सांगायचे, लग्नाआधी की नंतर. एवढ्या चर्चेत जो प्रश्न सर्वांत आधी यायला हवा तो मात्र बहुधा राहूनच जातो. सुरी कुणाच्या हातात असणार आणि त्या माणसाने ही विद्या कुठे शिकली?

या विद्येचा आपल्याशी जुना ऋणानुबंध आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक नव्याने घडवण्याची रीत सांगितलेली आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापले. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून, त्या मापाची कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. हे पत्र वाचून पुढे जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया करून पाहिली आणि युरोपात या पद्धतीचा बोलबाला झाला.

पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव पत्रात नाही. त्याच्यापाशी पदवी नव्हती, पाटी नव्हती. त्याने बसवलेली नाके पंचक्रोशीत हिंडत असतील, तीच त्याची प्रमाणपत्रे. आज आपण शहरात राहतो, शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, तिथे डॉक्टरची पारख कशी होणार? म्हणून समाजाने परीक्षा, पदवी आणि नोंदणी अशी व्यवस्था उभी केली. नावापुढची अक्षरे त्यासाठीच असतात. आपण मात्र अक्षरे जितकी जास्त तितका डॉक्टर मोठा, असा हिशेब करून मोकळे होतो.

म्हणून ती अक्षरे जरा वाचायला शिकू या. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची उमेदवारी. त्यानंतर तीन वर्षे सर्वसाधारण शल्यचिकित्सेची, म्हणजे एम.एस. आणि त्याहीनंतर तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीची, म्हणजे एम.सीएच. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी., जिला या पातळीवर आता डीआर.एन.बी. म्हणतात, ती याच तोलाची. बेरीज केली तर साडेअकरा वर्षे होतात. भाजलेले चेहरे, तुटलेली बोटे, दुभंगलेले ओठ हाताळत ही वर्षे जातात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके उभी केली, ती याच शास्त्राच्या बळावर. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया ही या मोठ्या झाडाची एक फांदी आहे.

पण चेहरा ही काही एकाच शाखेची जहागीर नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला नाकाच्या आतली रचना, श्वासाची वाट नेमकी ठाऊक असते. जबड्याच्या हाडांवर काम करणारे एम.डी.एस. झालेले मुखशल्यचिकित्सक असतात, त्यांची नोंदणी दंतवैद्यकाकडे. त्वचारोगतज्ज्ञ एम.डी. असतात. कोणी काय करावे याच्या सीमारेषेवर या मंडळींचे आपसात वादही आहेत. अमेरिकेतही हीच गुंतागुंत आहे. तिथे १९३७ साली स्थापन झालेले प्लास्टिक सर्जरीचे मंडळ वेगळे आणि केवळ चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीचे मंडळ वेगळे. या दुसऱ्या मंडळाचे प्रमाणपत्र घेणारे बहुतेक जण मूळचे कान-नाक-घसा तज्ज्ञ. त्यातून 'मंडळाने प्रमाणित' एवढ्या शब्दांवर तिथला शहाणा रुग्ण थांबत नाही. कोणते मंडळ, असे विचारतो. आपणही 'स्पेशालिस्ट' या शब्दावर थांबू नये. कशातला, आणि कुणी ठरवला, हे विचारावे.

खरी भीती या तज्ज्ञांची नव्हेच. ती आहे दोन दिवसांच्या शिबिरात शिकून 'कॉस्मेटिक सर्जन' अशी पाटी लावणाऱ्यांची. भिंतीवर सोनेरी चौकटीत परदेशी संस्थांची नावे झळकत असतात. त्यांतली काही केवळ वर्गणी भरून मिळालेली सभासदत्वे असतात, काही हजेरीची प्रमाणपत्रे. केशरोपणानंतर रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाला सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी बजावावे लागले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे अशा प्रक्रियांचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. हे लिहून सांगण्याची वेळ यावी, यातच सारे आले!

"नुसती एक सुई तर आहे," असे म्हणून ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी तर फारच जपायला हवे. सुरकुती भरण्यासाठी टोचलेला पदार्थ चुकून रक्तवाहिनीत गेला, तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित डोळ्याची दृष्टीही कायमची जाते. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे टोचणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? पहिली गोष्ट फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर द्यायचा असतो. तो घ्यावा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पडताळावा. नाव आहे का, नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, आणि एम.बी.बी.एस.पुढची पदवी तिथे नोंदलेली आहे का, हे पाहावे. पाटीवर आहे आणि नोंदवहीत नाही, अशी पदवी असेल तर तिथेच उठावे. विशेष पदवी नसताना त्या विषयाचा तज्ज्ञ म्हणवून घेण्यास याच आचारसंहितेची मनाई आहे.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना थेट विचारावे. ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षातून किती वेळा करता? स्वतः करणार की सहायक? भूल कोण देणार, तो पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आहे का? रात्री रक्तस्राव झाला तर कुणाला बोलवायचे? मनासारखे झाले नाही तर दुरुस्तीचे काय आणि तिचा खर्च कुणाचा? पदवी म्हणजे घराचे जोते. भिंती अनुभवाच्या असतात. एम.सीएच. झालेल्या पण वर्षानुवर्षे हाताच्याच शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनपेक्षा रोज नाकावर काम करणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ तुमच्या मुलीच्या नाकासाठी अधिक योग्य असू शकतो. प्रश्न विचारल्याबद्दल जो डॉक्टर रागावतो, त्याने आपले उत्तर देऊन टाकलेले असते.

आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे संस्कार आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि २००८ मध्ये रुग्णाला नीट समजावून घेतलेल्या संमतीचे महत्त्व स्पष्ट केले. आपली कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत मिळण्याची तरतूद आचारसंहितेत आहे. अर्थात निकाल बाजूने लागला तरी बिघडलेला चेहरा कोर्ट परत देत नाही. म्हणून आधीची सावधगिरी मोलाची.

चांगला सर्जन ओळखण्याची आणखी एक खूण आहे. तो कधीकधी 'नको' म्हणतो. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकते, हे सांगून पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी घाई करणाऱ्या आईला तो परत पाठवतो. सिगारेट ओढणाऱ्याला आधी ती सोडायला लावतो. आणि ज्या नाकात दोष नाही, त्याला हात लावायला नकार देतो. उलट, पहिल्याच भेटीत 'आजच पैसे भरा, सवलत आहे' असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

साडी घेताना आपण दहा दुकाने पालथी घालतो, पदर उलटा करून विणकाम पाहतो. साडी आवडली नाही तर कपाटात ठेवता येते. चेहरा ठेवता येत नाही. तो रोज सकाळी आरशात समोर उभा राहतो. तेव्हा पाटीवरची अक्षरे उलटून पाहायला लाजू नका.