पाठीचा बाक : किती मणके जोडायचे?

फ्रॉकची एक बाजू वर चढते, शिंप्याला दोन्ही खांद्यांचे माप जुळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या आईला पहिली शंका येते ती अशी. अशा वेळी मुलीला गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कणा असा बाजूला झुकतो त्याला 'स्कोलिऑसिस' म्हणतात. या वयात बहुतेकांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडे बसल्याने तो होत नाही. म्हणून मुलीला बोल लावू नये.

एक्स-रेवर बाक अंशांत मोजतात. २५ अंशांच्या आत असेल, तर ठरावीक काळाने तपासणी पुरते. उंची वाढत असताना २५ ते ४० अंशांच्या बाकाला पट्टा देतात. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रियेत मणके सळया व स्क्रूंनी शक्य तितके सरळ करून एकमेकांना कायमचे जोडतात. जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही. कमरेचे मणके जितके जास्त जोडावेत, तितकी वाकण्या-वळण्याची मोकळीक कमी. म्हणूनच नेमके किती जोडायचे, हा कळीचा प्रश्न.

एक्स-रेत पुष्कळदा दोन-तीन बाक दिसतात. सर्वांत मोठा तो मुख्य. बाकीच्यांपैकी काही ताठर असतात, तर काही केवळ तोल सांभाळण्यासाठी शरीराने केलेली तडजोड. हे ओळखण्यासाठी मुलीला दोन्ही बाजूंना वाकवून एक्स-रे काढतात. तसे करूनही बाक २५ अंशांच्या खाली येत नसेल, तर तो ताठर समजतात.

१९८३ मध्ये अमेरिकेत डॉ. किंग व सहकाऱ्यांनी छातीच्या भागातील बाकांचे पाच प्रकार पाडले. २००१ मध्ये डॉ. लेंके व सहकाऱ्यांनी सहा प्रकारांची पद्धत मांडली. तिच्यात कमरेच्या बाकाची आणि बाजूने दिसणाऱ्या कण्याचीही नोंद होते. तिचे सूत्र सोपे : मुख्य आणि ताठर बाक जोडावेत, लवचीक बाक मोकळे सोडावेत. छातीचा बाक सरळ केल्यावर कमरेचा लवचीक बाक बरेचदा आपोआप कमी होतो.

अर्थात, वर्गवारी म्हणजे केवळ वाटाड्या. खांद्यांची पातळी, शिल्लक असलेली वाढ हेही पाहावे लागते. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी पालकांनी एवढे जरूर विचारावे : कोणते मणके जोडणार, कोणते मोकळे राहणार, आणि का?