अंगणात लॉन नको, केकताड लावा



हल्ली आपल्या तेल्हाऱ्यातही नवं घर बांधलं की पुढे हिरवंगार लॉन हवं असतं. दिसतं छानच, नाही म्हणत नाही. पण श्राविकेच्या अंगणात लॉन शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या जागी घायपात लावावं. आपल्याकडे त्यालाच केकताड म्हणतात, नर्सरीवाला अगेव्ह म्हणतो. कुणाला हे मत टोकाचं वाटेल, म्हणून कारणं सांगते.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे. गरज नसताना जी हिंसा घडते ती टाळायची. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं, हे सगळं त्यात येतं. आता लॉनचा हिशेब मांडा. उन्हाळ्यात रोज पाणी, दर पंधरवड्याला कापणी, त्या यंत्राखाली येणारे किडे-मुंग्या, आणि पिवळं पडलं की फवारणी. धान्य नाही, भाजी नाही, औषध नाही. यात ‘अर्थ’ कुठे आहे? स्वयंपाकात पाणी गाळून वापरणाऱ्या आपण बाहेर पाइप सुरू करून फोनवर बोलत बसतो, हे मला खटकतं.

त्यात आपला मुलूख कसला, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणारा. तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. पिण्याचं गोडं पाणी म्हणजे वान धरणाचं. ते शेतीला किती आणि पिण्याला किती, यावरून आपल्याच तालुक्यात आंदोलनं झाली. अशा ठिकाणी तेच पाणी शोभेच्या गवतावर ओतणं मनाला पटत नाही.

केकताड मूळचं मेक्सिकोचं, तिथल्या कोरड्या माळावरचं. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ उडून जाते. हे झाड दिवसा ती छिद्रं मिटून ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतं. आपण चौविहार करणाऱ्या, आणि हे झाड रात्रीच कामाला लागतं! पण त्यामुळेच ते थोडक्या पाण्यात तगतं. जाड पानांत पाणी साठवून ठेवतं ते वेगळंच. जुन्या बायांना ते बांधावरच्या कुंपणाचं आणि दोरखंडाच्या वाखाचं म्हणून ठाऊक असेल. नर्सरीत पिवळ्या काठाचं मिळतं, तेही तितकंच काटक.

त्याची सेवा म्हणजे बहुतेक वेळा त्याला त्रास न देणं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात याची मुळं सडतात. म्हणून वीतभर उंच वाफा करावा, मातीत निम्मा मुरूम आणि जाड वाळू मिसळावी. ऊन भरपूर हवं. जमिनीत रुजलेल्या झाडाला उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एक तांब्या-दोन तांबे पाणी पुरतं. पावसाळ्यात वरून काहीच घालायचं नाही. कुंडीत असेल तर खाली बशी ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग ते ओतताना जीव जातो. आधीच होऊ न देणं हीच खरी यतना. हिरवं पान छाटायचं कारण पडत नाही, तळाचं वाळलेलं पान तेवढं काढावं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं न तोडणाऱ्या बाईला असं झाड सोयीचंच.

बुडाशी पिल्लं फुटतात. ती मुळासकट अलगद वेगळी करून तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावीत आणि मग मुरमाच्या मातीत लावावीत. फेकू नका, कुणाला तरी द्या.

आता आक्षेप. पहिला म्हणजे काटेरी झाड घरापुढे अशुभ. ज्या धर्मात सुखदुःखाचं कारण स्वतःचं कर्म मानतात, त्या घरात झाडाला दोष कसा देता येईल? पण काट्याची भीती खरी आहे. पानाचं टोक सुईसारखं असतं आणि रस अंगाला लागला तर खाज सुटते, पुरळ येतं. म्हणून वाटेपासून निदान चार-पाच फूट दूर, कोपऱ्यात लावावं. लहान लेकरं अंगणात खेळत असतील तर ती मोठी होईस्तोवर लावूच नये. जाड हातमोज्यांशिवाय हात घालू नये.

दुसरा आक्षेप असा की फुलून मरणारं झाड कशाला? हे खरं आहे. बरीच वर्षं वाढल्यावर मधून उंच दांडा येतो, एकदाच फुलोरा येतो आणि मूळ झाड वाळतं. काही जणी याला संथाऱ्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. संथारा हे जाणत्या जीवाने समजून घेतलेलं व्रत आहे, झाड एकेंद्रिय आहे. तो अपशकुन नाही आणि व्रतही नाही, त्याचं आयुष्य तेवढंच. बुडाशी पिल्लं असतातच.

तिसरा म्हणजे पूजेला फूल मिळत नाही. मग मोगरा, जास्वंद असू द्या की! आहे ते उपटा असं मी म्हणत नाही, उपटणं हीसुद्धा हिंसाच. नवं लावताना विचार करा, एवढंच.

आणि एक. मधाला पर्याय म्हणून याच कुळातल्या झाडाचं सिरप महागड्या दुकानांत दिसतं. तो मध नाही, हे खरं. पण त्यासाठी वर्षानुवर्षं वाढलेल्या झाडाचा गाभाच काढतात, आणि झाड तिथेच संपतं. आपल्या डब्यात गूळ असताना त्याची गरज काय?

मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली पाहून चालतो. तीच नजर पाण्याच्या पाइपवरही असू द्या. चातुर्मासात नियम घेताना यंदा अंगणाचाही एक नियम घेऊन पाहा.