दाह उतरला म्हणजे रोग बरा झाला का?

रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवून ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया जडतो, तो अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची झोप उडवणारा आजार आहे. श्वासनलिकेत घातलेली नळी प्राणवायू पोचवते, पण खोकून घसा साफ करण्याची शरीराची सोय काढून घेते. तोंडातला स्राव नळीच्या कडेने झिरपत फुप्फुसात उतरतो, आणि त्याच्यासोबत स्युडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू. आपल्या रुग्णालयांत हे जंतू अनेकदा भारी प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. मग प्रतिजैविकांखेरीज दुसरा काही मार्ग आहे का, असा प्रश्न उभा राहतो. या शोधात प्राण्यांवर ॲक्युपंक्चरचेही प्रयोग झाले. प्राण्याला व्हेंटिलेटर लावायचा, फुप्फुसात जंतू सोडायचे, ठरावीक बिंदूंवर सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह द्यायचा आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ ही दाहक द्रव्ये किती उतरली ते मोजायचे, अशी या प्रयोगांची साधारण रीत. ती उतरलेली दिसली, की वादाला तोंड फुटते. या वादात समर्थक घाई करतात आणि विरोधकही. माझा आक्षेप दोघांवर आहे.

समर्थकांचा पहिला मुद्दा असा: माणसाला श्रद्धेने बरे वाटू शकते, सशाला श्रद्धा नसते, म्हणून प्राण्यात दिसलेला परिणाम हा निर्विवाद पुरावा. हा मुद्दा अर्धाच खरा आहे. सशाला श्रद्धा नसते, पण प्रयोग करणाऱ्याला असते. कोणता प्राणी कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले नसेल, फुप्फुसाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला गट आधीच ठाऊक असेल, तर नजर नकळत हवे ते शोधते. शिवाय सुई टोचणे, वीज सोडणे, भूल देणे या प्रत्येक गोष्टीचा शरीरावर आपापला परिणाम असतो. दुसऱ्या जागी सुई टोचलेला गट आणि सुई असूनही वीज न सोडलेला गट, असे दोन्ही तुलनेला नसतील, तर परिणाम नेमका कशाचा हे सांगताच येत नाही. प्राण्यांवरील प्रयोग कसे मांडावेत याचे ‘अराइव्ह’ नियम २०१० मध्ये आले, ते याच कारणाने. ज्या प्रयोगात प्राण्याचा जीव जातो, तो ढिसाळ असणे हा विज्ञानाचा दोष आहेच, पण त्या जिवावरचा अन्यायही आहे.

दुसरा मुद्दा जास्त घातक आहे: टीएनएफ उतरले, म्हणजे आजार उतरला. टीएनएफ हे शरीराचे शस्त्र आहे. जंतुसंसर्गात ते काढून घेतले तर काय होते, हे वैद्यकशास्त्राने मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना टीएनएफ निष्प्रभ करणारे प्रथिन दिले होते. औषध न दिलेल्या गटात ३० टक्के रुग्ण दगावले. सर्वाधिक मात्रेच्या गटात ५३ टक्के. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात, तेही यामुळेच. शरीरात दबून बसलेला क्षय ही औषधे जागा करू शकतात. तेव्हा फुप्फुसात जिवंत जंतू असताना फक्त दाहक द्रव्यांचा आकडा दाखवून ‘गुण आला’ म्हणणे मला मान्य नाही. जंतू किती उरले आणि प्राणी जगला की नाही, ही दोन उत्तरे आधी हवीत.

आता विरोधकांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे: शवविच्छेदनात ‘ची’ ही जीवनऊर्जा वाहून नेणाऱ्या रेषा कुणाला सापडल्या नाहीत, म्हणून सुईचा परिणाम अशक्य. पण जुने स्पष्टीकरण चुकले, म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही. २०१४ मध्ये लुइस उलोआ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवले, की उंदराच्या पायावरच्या बिंदूवर दिलेले विद्युत-ॲक्युपंक्चर सायटिक आणि व्हेगस मज्जातंतूंमार्गे अधिवृक्क ग्रंथींना डोपामिन सोडायला लावते आणि दाह आवरतो. त्या ग्रंथी काढून टाकल्या, की परिणामही गेला. पोटात जंतू पसरलेले उंदीर या उपचाराने वाचल्याचेही त्यांनी नोंदवले. २०२१ मध्ये चिउफू मा यांच्या हार्वर्डमधल्या गटाने ‘नेचर’मध्ये त्याहून नेमकी गोष्ट मांडली. मागच्या पायाच्या खोल ऊतींत पोचणारे विशिष्ट संवेदी मज्जातंतू नष्ट केले, तर या बिंदूचा परिणाम होत नाही. पोटाच्या तशाच ऊतींत ते मज्जातंतू पोचतच नाहीत. म्हणजे जागेला महत्त्व आहे, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. जो परिणाम मज्जातंतू काढल्यावर नाहीसा होतो, त्याला निव्वळ भ्रम म्हणता येत नाही.

आणि मा यांच्याच गटाने २०२० मध्ये ‘न्यूरॉन’मध्ये मांडलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पायावर ०.५ मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह दिल्यास दाह उतरला. पोटावर ३ मिलिअँपिअरचा प्रवाह जंतुविष टोचण्याआधी दिला, तर उंदरांना संरक्षण मिळाले. विष टोचल्यानंतर दिला, तर दाह भडकला. सुई तीच, पण वेळ बदलली आणि परिणाम उलटा झाला.

माझे प्रतिपादन यावरच उभे आहे. प्राण्यांवरचे हे प्रयोग ‘ॲक्युपंक्चर खरे की खोटे’ हा प्रश्न सोडवत नाहीत. तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कुठे, किती आणि कधी, हे विचारायला ते शिकवतात. औषधांनाही हाच न्याय लागू होतो. कोविडमध्ये २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या दाहशामक औषधामुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा काहीच लाभ झाला नाही. दाह आवरणे हिताचे की घातक, हे आजाराची अवस्था ठरवते.

म्हणून व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियात ॲक्युपंक्चरची परीक्षा व्हायलाच हवी, पण ती अशी व्हावी: प्रतिजैविके चालू ठेवून, तुलनेला खोटी सुई घेऊन, गट कोणता हे मूल्यमापन करणाऱ्यापासून लपवून. मोजायचे ते जंतूंचे प्रमाण, व्हेंटिलेटर सुटायला लागलेले दिवस आणि २८ दिवसांतले मृत्यू. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरला कायद्याने स्थान आहे. ज्या शास्त्राला कायदा मान देतो, त्याने ही परीक्षा स्वतःहून मागितली पाहिजे.

तोपर्यंत चाचणीबाहेर, आयसीयूतल्या रुग्णाच्या असहाय नातेवाइकांना या उपचाराची आशा विकणे गैर आहे. खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, हात धुणे, तोंडाची निगा, गुंगीचे औषध रोज थोडे कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहणे, या गोष्टी आजच आपल्या हातात आहेत. सुईला या पंक्तीत बसायचे असेल, तर तिने रुग्ण जगवून दाखवावा. नुसते टीएनएफ उतरवून ती जागा मिळणार नाही.