मर्दानगीचं दुकान आणि डॉक्टरचा नंबर

आपण मोर्चावर लिहितो, ॲट्रॉसिटीवर लिहितो, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर लिहितो. चड्डीच्या आतल्या दुखण्यावर कुणी लिहीत नाही. तिथं आपले भलेभले क्रांतिकारक गप्प. आणि जिथं आपण गप्प बसतो तिथं दुकानदार बोलायला लागतो. म्हणून हे लिहितो.

मी देवळाली प्रवराचा. राहुरी तालुक्यातलं नगरपरिषदेचं गाव. जिल्हा नगर, २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. आमच्या भागातली पोरं पुण्याला, चाकणला, मुंबईला पोटामागं गेलेली. पूर्वी रस्त्याकडेच्या भिंतींवर आणि स्टँडच्या मुतारीत लिहिलेलं असायचं : गुप्तरोग, कमजोरी, एकदा भेटा, अमुक लॉज, अमुक वार. आता ती भिंत खिशात आलीय. रात्री खोलीवर पडल्या पडल्या मोबाईल उघडला की समोर पुरुषांचं ऑनलाइन क्लिनिक. घोड्याचं चित्र. घरबसल्या इलाज. आणि खाली ठळक अक्षरांत : कुणालाही कळणार नाही.

याच शब्दांवर सगळा धंदा उभा आहे. कुणाला कळण्याची भीती? तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर आडनावानं हाक मारतो. आडनावावरून वस्ती कळते, वस्तीवरून जात. त्यांच्या पोराचं दुखणं ते दुखणं. आपल्या पोराचं दुखणं म्हणजे पारावरची चेष्टा. मग पोरगं पडद्याआडच्या डॉक्टरकडे गेलं तर त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही. ऑनलाइन दवाखाना म्हणजे सगळी लूट, असं मी म्हणत नाही. जिथं जात विचारली जात नाही ती जागा आपल्याला हवीच आहे. सवाल एवढाच की पडद्यामागं डॉक्टर बसलाय की दलाल.

हा विषय आपल्या चळवळीचा नाही असं कुणी म्हणेल, तर त्याला इतिहास माहीत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक लाज गुंडाळून प्रश्न विचारायचे, कर्वे शास्त्राच्या आधारानं उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांना अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. सनातनी खवळलेले. तेव्हा कर्व्यांचं वकीलपत्र घेऊन कोर्टात कोण उभं राहिलं? बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील लिहिलं असं होत नाही, आणि शंका विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पुढं १९३८ साली मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांच्या वतीनं मांडला पी. जे. रोहम यांनी. स्वतंत्र मजूर पक्षाचे, आपल्याच नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले. तोही ठराव पडला. पण शरीराबद्दल प्रश्न विचारणं हा माणसाचा हक्क आहे, ही आपली परंपरा आहे. लाज ही त्यांची परंपरा.

आता कामाचं बोलू. जन्मभर आपल्याला विचारलं गेलं, आडनाव काय? आता आपण विचारायचं : डॉक्टर, नोंदणी क्रमांक काय? जो माझं गुपित मागतो त्यानं आधी स्वतःचं नाव सांगावं. हा काही उद्धटपणा नाही. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं दूरवैद्यकाचे नियम काढले. त्यांत ऑनलाइन दवाखान्यानं डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक द्यायचा असं स्पष्ट आहे. यंत्रानं परस्पर औषध लिहून द्यायचं नाही, हेही आहे. क्रमांक मिळाला की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत तपासा. ‘आमची तज्ज्ञांची टीम’ एवढंच सांगणाऱ्याचं दुकान तिथंच बंद करा.

दुसरं, जाहिरात बघा. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. जादूटोण्याच्या इलाजांनाही तोच कायदा लागतो. ‘शंभर टक्के गॅरंटी, सात दिवसांत फरक’ म्हणणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. तो तुमच्या जिवाची काय कदर करणार?

तिसरं, गोळीआधी प्रश्न येतात का बघा. साखर, रक्तदाब, छातीत दुखणं, झोप, दारू, तंबाखू, मनावरचा ताण, चालू असलेली औषधं, हे सगळं खऱ्या डॉक्टरनं विचारलंच पाहिजे. कारण ताठरता कमी होणं ही कित्येकदा मधुमेहाची नाहीतर हृदयविकाराची पहिली वर्दी असते. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, त्या आधी तुंबतात. सिल्डेनाफिलची गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नाही. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यानं ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस जातो. चार खुणा करायला लावून थेट पैशाच्या पानावर नेणारा तपासत नाही, वसूल करतो.

चौथं, चिठ्ठी हातात पाहिजे. औषधाचं मूळ नाव लिहिलेली, कुठल्याही मेडिकलात चालणारी. बिननावाची पुडी, ‘गुप्त फॉर्म्युला’, लेबलावर परवाना क्रमांक नाही, मुदत नाही, असला माल परत करा. ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलेल्या कित्येक गोळ्यांत लपवलेलं सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पकडलं आहे. जिमवाल्या दोस्तांना वेगळं सांगतो : रक्त न तपासता टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. बाहेरून ते आलं की शरीर शुक्रजंतू बनवणं कमी करतं. बाप व्हायचं स्वप्न त्या सुईत अडकतं.

पाचवं, पैसा आणि फोटो. एकूण खर्च आधी लेखी मागा. तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारून खात्यातून आपोआप पैसे कापणारे आहेत. अनोळखी नंबरावर अंगाचा फोटो कधी पाठवू नका. त्याच फोटोवर उद्या खंडणी मागतात. तसं झालं तर लाजेनं मरू नका, १९३० ला फोन करा.

आणि फोनवर भागत नाही अशीही दुखणी आहेत. वृषणात गाठ, लघवीतून रक्त, जखम, स्राव. अशा वेळी ‘स्क्रीनवर दाखवा’ म्हणणारा नव्हे, ‘दवाखान्यात जा’ म्हणणारा खरा. राहुरीचं ग्रामीण रुग्णालय आहे, नगरचं सिव्हिल आहे. घरातून बोलायचं तर सरकारची ई-संजीवनी आहे, फुकट. ती आपल्या कराच्या पैशावर चालते, उपकार नाही कुणाचा.

पण नुसत्या दुकानदारांना शिव्या देऊन भागणार नाही. हा धंदा चालतो कारण मर्दानगी नावाची मूर्ती आपणही डोक्यावर घेऊन नाचतो. आपल्या सभेत वक्ता गरजतो, ‘नामर्द आहात का? बांगड्या भरा!’ आणि आपण टाळ्या पिटतो. त्या गर्दीत मागं उभं असलेलं एखादं पोरगं त्या रात्री घोड्याच्या चित्राला बोट लावतं. मूल होत नाही तर बायकोला दहा दवाखाने आणि बारा देवऋषी दाखवायचे, स्वतःची साधी वीर्यतपासणी मात्र करायची नाही. हा मनू तर आपल्याच घरात बसलाय. वीर्याचा थेंब गेला म्हणजे रक्त गेलं, हीही असलीच भाकड कथा. शरीराच्या व्यवहारात तिला काडीचा आधार नाही. त्या भीतीवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या हकिमांचे तंबू उभे राहिले.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. सरकारकडे ही की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस पुरुषांच्या या दुखण्यांसाठी ठेवा. बंद दाराची खोली द्या, आणि आडनावाची आरोळी नको, टोकन नंबर द्या. आपल्या पुढच्या निवेदनात हे कलम आलंच पाहिजे. आणि आपल्याकडे ही की शाखेच्या बैठकीत, होस्टेलच्या खोलीवर, चहाच्या टपरीवर हे मोठ्यानं बोला. ज्या दिवशी पोरगं दोस्ताला सरळ सांगेल, ‘मला हा त्रास आहे, चल माझ्याबरोबर डॉक्टरकडे’, त्या दिवशी ‘कुणालाही कळणार नाही’ ही पाटी आपोआप खाली येईल. लाजेचं गिऱ्हाईक व्हायचं नाही. नंबर विचारायचा.

जय भीम.